शाळेत मोबाईल : बंदी, परवानगी आणि नियम

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला, केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईल फोनवरून संभाषण केले. भारतातील मोबाईल सेवेचा तो प्रारंभ मानला जातो. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत आणि मोबाईल ही श्रीमंतांची वस्तू समजली जाई. ही वस्तू एक दिवस मोलमजुरी करणाऱ्याच्या खिशात आणि शाळकरी मुलाच्या दप्तरात जाईल, असे तेव्हा फारच थोड्यांना वाटले असेल. आज मात्र प्रत्येक शाळेत, प्रत्येक पालकसभेत एक प्रश्न हमखास निघतो. तो म्हणजे, मुलांना शाळेत मोबाईल आणू द्यावा की नाही ?

या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, मोबाईलने मुलांचे वाटोळे केले आहे, सबब शाळेच्या फाटकातून तो आत येताच कामा नये. दुसरे मत असे की, आजचे युग तंत्रज्ञानाचे आहे, मुलांना त्यापासून दूर ठेवणे म्हणजे त्यांना मागे ठेवणे होय. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही मते अपुरी आहेत. प्रस्तुत लेखात या विषयाचा अनुभव, संशोधन आणि कायदा या तीन अंगांनी विचार करून, शाळेचा नियम कसा असावा हे मांडावयाचे आहे. मोबाईल हा शब्द येथे सोयीसाठी वापरला आहे. टॅब, स्मार्टवॉच, कानात घालावयाचे इअरफोन ही सर्व वैयक्तिक साधने त्यात समाविष्ट आहेत.

प्रश्नाचे आजचे स्वरूप

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या. ज्या शाळा कालपर्यंत मोबाईलला मज्जाव करीत होत्या, त्यांनीच पालकांना मोबाईल घेण्यास सांगितले. वर्ग मोबाईलवर, गृहपाठ व्हॉट्सॲपवर आणि परीक्षाही मोबाईलवरच झाल्या. अनेक घरांत पोटाला चिमटा काढून, हप्त्याने, जुना का होईना पण एक स्मार्टफोन घेतला गेला. एका फोनवर तीन भावंडांनी आलटून पालटून शिक्षण घेतले. ज्यांना फोन मिळाला नाही त्यांचे शिक्षण तुटले. शाळा पुन्हा सुरू झाल्या, परंतु मुलांच्या हातात आलेला मोबाईल परत गेला नाही.

'असर' या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीचा २०२४ सालचा अहवाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. अशा मुलांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी फोन वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. याच संस्थेच्या २०२३ च्या, १४ ते १८ वयोगटाच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसून आली. स्वतःच्या मालकीचा फोन असलेल्या मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या दुपटीहून अधिक होते. म्हणजे मोबाईल घराघरांत पोहोचला असला तरी तो सर्वांच्या हातात सारखा पोहोचलेला नाही. शाळेचा नियम करताना ही विषमता नजरेआड करून चालणार नाही.

संशोधन काय सांगते ?

शिकण्यासाठी लक्ष लागते आणि लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. फोन वाजला, नुसता थरथरला, तरी मन तिकडे धावते. फळ्यावरील गणिताच्या चौथ्या पायरीवर तुटलेले लक्ष पुन्हा जुळते तेव्हा शिक्षक सातव्या पायरीवर असतात. हुशार विद्यार्थी किंवा ज्याला घरी शिकवणी आहे असा विद्यार्थी मधल्या पायऱ्या भरून काढतो. ज्याला घरी विचारायला कोणी नाही, तो तेथेच राहतो.

हा केवळ तर्क नव्हे. इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांचा अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने २०१५ साली प्रसिद्ध केला. शाळांनी मोबाईलवर बंदी आणल्यानंतर सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेतील निकाल सुधारले, असे त्यात आढळले. परंतु ही सुधारणा सर्वांमध्ये सारखी नव्हती. अभ्यासात मागे असलेल्या मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला आणि जी मुले आधीच पुढे होती त्यांच्यात फरक पडला नाही.

२०२२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीतही, विकसित देशांच्या सरासरीत, सुमारे ६५ टक्के विद्यार्थ्यांनी गणिताच्या निदान काही तासांना तरी अशा साधनांमुळे आपले लक्ष विचलित होते असे सांगितले. ५९ टक्के विद्यार्थी म्हणाले की, दुसऱ्याच्या साधनामुळे आपले लक्ष जाते. भारत या चाचणीत सहभागी नव्हता. तथापि शेजारच्या बाकावरील मुलाच्या फोनकडे लक्ष जाणे ही गोष्ट देशादेशाप्रमाणे बदलणारी नाही. म्हणूनच 'माझा फोन, माझी मर्जी' हा युक्तिवाद वर्गात टिकत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वीडनमध्ये २०२० साली इंग्लंडसारखाच अभ्यास झाला, तेव्हा बंदीचा निकालावर परिणाम दिसून आला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांचा अभ्यास करून २०२५ साली असे मांडले की, शाळेत कडक नियम असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळत नाही. मात्र दिवसभरात फोनवर अधिक वेळ घालविणाऱ्या मुलांची झोप, वर्तन आणि मनःस्थिती ही तुलनेने वाईट होती. याचा अर्थ स्पष्ट आहे. शाळेचा नियम वर्गातील तासांचे रक्षण करू शकतो, मुलाच्या उरलेल्या दिवसाचे नाही. शाळेकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी आणि उरलेली जबाबदारी घराने उचलावी.

बंदीचा एक अनुभव : न्यूयॉर्क

केवळ बंदी घातली की प्रश्न सुटतो काय, याचे उत्तर न्यूयॉर्क शहराच्या अनुभवातून मिळते. तेथील सार्वजनिक शाळांत २००६ पासून मोबाईलबंदीची कडक अंमलबजावणी सुरू झाली. ज्या शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रे होती तेथे फोन लपविणे शक्य नव्हते. अशा शाळा मुख्यतः गरीब वस्त्यांतील होत्या. तेथील मुले शाळेजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत किंवा दुकानांत रोज एक डॉलर देऊन फोन ठेवू लागली. ज्या शाळांत यंत्रे नव्हती तेथे फोन दप्तरात राहत असे आणि दिसला नाही तर कोणी विचारीत नसे. नियम एकच, पण त्याची किंमत गरीब मुलांनी मोजली. अखेर मार्च २०१५ मध्ये शहराने ही बंदी उठविली.

पुढे समाजमाध्यमांचा विळखा वाढला आणि न्यूयॉर्क राज्याने सप्टेंबर २०२५ पासून शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत स्मार्टफोन वापरण्यास पुन्हा मनाई केली. परंतु या वेळी कायद्यात पूर्वीच्या चुका टाळण्याचा प्रयत्न दिसतो. फोन ठेवण्याची सोय शाळेने करावयाची आहे. पालकांना मुलाशी संपर्क साधण्याचा मार्ग शाळेने द्यावयाचा आहे. आजारी मुले, भाषांतराची गरज असलेली मुले आणि घरातील कोणाची शुश्रूषा करावी लागणारी मुले यांना सवलत आहे. केवळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करता येत नाही. बंदी तीच, पण तिच्यामागील दृष्टी बदलली.

फ्रान्सनेही ३ ऑगस्ट २०१८ च्या कायद्याने प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत मोबाईल वापरण्यास मनाई केली. तेथेही अपंग विद्यार्थ्यांची साधने आणि शिक्षणासाठीचा वापर यांना वगळले आहे. फोन जप्त कसा करावा आणि परत कसा द्यावा हे शाळेच्या नियमावलीत लिहिलेले असले पाहिजे, असेही त्या कायद्यात म्हटले आहे.

आपल्या देशातील नियम व न्यायनिर्णय

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्येच परिपत्रक काढून शाळांतील मोबाईल वापरावर निर्बंध घालण्यास सांगितले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीच्या शिक्षण संचालनालयाने सूचनापत्र काढले. मुलांनी फोन आणू नये, आणल्यास तो ठेवण्याची व शाळा सुटताना परत देण्याची व्यवस्था असावी असे त्यात होते. शिक्षक व कर्मचाऱ्यांनीही वर्ग, मैदान, प्रयोगशाळा व ग्रंथालय येथे फोन वापरू नये, हीही सूचना त्यात होती. ती विशेष महत्त्वाची आहे, कारण तासाला स्वतः फोन पाहणाऱ्या गुरुजींचा उपदेश मुलांच्या गळी उतरत नाही.

दोन न्यायनिर्णय विद्यार्थ्यांनी व पालकांनी माहीत करून घ्यावेत असे आहेत.

पहिला केरळ उच्च न्यायालयाचा, सप्टेंबर २०१९ चा. एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत फोन वापरण्यास मनाई होती. हा नियम मान्य न करणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावे लागले. आपल्याला अभ्यासासाठीच इंटरनेट लागते, असे तिचे म्हणणे होते. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने तिला वसतिगृहात परत घेण्याचा आदेश दिला. येथे प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा व वसतिगृहाचा होता, शाळेच्या वर्गाचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तरीही शिस्त लावताना ज्ञानाचे दार बंद होता कामा नये, हे तत्त्व सर्वत्र लागू पडते.

दुसरा दिल्ली उच्च न्यायालयाचा, २८ फेब्रुवारी २०२५ चा. शाळेत फोन आणण्यावर सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र शक्य तेथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत, वर्गात तो वापरू देऊ नये, शाळेच्या सामाईक जागेत व वाहनांत त्यावरील चित्रीकरणास मनाई असावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. फोन सुरक्षितता व संपर्क यांसाठी असावा, करमणुकीसाठी नव्हे. शाळेने मुलांना ऑनलाईन जगात जबाबदारीने वागण्याचे शिक्षण द्यावे. नियम पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावेत. नियमभंगाचे परिणाम स्पष्ट व न्याय्य असावेत आणि ते फार कठोर नसावेत. ठराविक काळासाठी फोन जप्त करणे ही शिक्षा होऊ शकते, असेही न्यायालयाने म्हटले.

नियम कसा असावा ?

वरील सर्व अनुभव लक्षात घेता, शाळेच्या नियमात पुढील गोष्टी असाव्यात असे वाटते.

(१) नियम लेखी, मराठीत आणि एका पानाचा असावा. जून महिन्यातील पहिल्या पालकसभेत तो मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना तो तोंडी समजला पाहिजे. तोंडी हुकूम प्रत्येक शिक्षकागणिक बदलतो व भांडणे तेथूनच सुरू होतात.

(२) बाळगणे आणि वापरणे यांत फरक करावा. एस.टी.ने दहा किलोमीटरवरून येणाऱ्या किंवा सायंकाळच्या जादा तासानंतर एकटी परतणाऱ्या मुलीजवळ फोन असणे ही चैन नव्हे. तो तिने आणावा, पण शाळेच्या वेळेत बंद स्थितीत जमा ठेवावा.

(३) फोन जमा करण्याची सोय शाळेने करावी व ती विनामूल्य असावी. वर्गाचे एक कुलूपबंद कपाट, खणांवर हजेरीक्रमांक आणि नोंदवही एवढे पुरते. फोन कोणी घेतला, कोणी परत दिला याची सही असावी. हप्त्याने घेतलेला फोन हरवला तर त्या घरावर संकट कोसळते, याची जाणीव नियम करणाऱ्याने ठेवावी.

(४) शाळेचा एक दूरध्वनी क्रमांक सर्व पालकांकडे असावा आणि तो उचलला जावा. आई आजारी पडली, वडिलांना कामावरून यावयास उशीर आहे, हा निरोप मुलापर्यंत पोहोचण्याची खात्री असेल, तर पालक स्वतःच फोन देण्याचा आग्रह सोडतील.

(५) अपवाद आधीच लिहून ठेवावेत. मधुमेही मुलाच्या रक्तातील साखर मोजणारे यंत्र आज फोनशी जोडलेले असते. अंध विद्यार्थ्याला फोन मजकूर वाचून दाखवितो. अशा मुलांना दर वेळी परवानगीसाठी हात जोडावे लागू नयेत.

(६) शिक्षणासाठी फोन लागेल तेव्हा तो शिक्षकांच्या सांगण्यावरून, ठरलेल्या तासालाच वापरावा. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड 'दीक्षा' वर उघडून पाहणे उपयुक्त आहे. परंतु ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना गटात सामावून घ्यावे. 'उद्या फोन घेऊन या' असे सांगून फोन नसलेल्या मुलाला वर्गात उघडे पाडू नये. तसेच गृहपाठ केवळ व्हॉट्सॲपवर न देता फळ्यावरही लिहावा.

(७) चित्रीकरणाविषयी स्वतंत्र कलम असावे. कोणाचेही छायाचित्र वा चित्रफीत त्याच्या संमतीविना काढू नये, पुढे पाठवू नये. शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीविना काढणे वा प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्पवयीनांच्या अश्लील चित्रणासाठी कलम ६७-बी व पॉक्सो कायदा आहेत. 'गंमत म्हणून पाठवले' ही सबब तेथे चालत नाही.

(८) नियम शिक्षकांनाही लागू असावा.

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या महिला असाव्यात अशी तरतूद आहे. हा विषय त्या समितीपुढे आणणे आपल्या हातात आहे. समितीच्या बैठकीस न जाता नंतर नियमाविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही.

शिक्षेची मर्यादा

नियम मोडल्यास काय करावे ? फोन आपटून फोडणे, मुलाला मारणे, सर्वांसमोर त्याची छायाचित्रे वा संदेश उघडून वाचणे असे प्रकार शिस्तीच्या नावाखाली घडतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. फोन फोडणे म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान होय. फोनमधील मजकूर वाचणे हा खासगीपणाचा भंग आहे, आणि मुलीच्या बाबतीत तर त्याचे परिणाम फार दूरवर जातात. फोनवरील एखाद्या निरोपावरून घरी बोभाटा झाला आणि मुलीचे शिक्षणच बंद झाले, तर शिस्तीने साधले काय ?

म्हणून पायऱ्या ठरवाव्यात. पहिल्यांदा समज आणि शाळा सुटताना फोन परत. दुसऱ्यांदा पालकांना बोलावून त्यांच्या हाती फोन परत. त्यानंतरही सुधारणा नसेल तर मुख्याध्यापकांनी मुलाशी व पालकांशी बसून बोलावे व काही दिवस फोन आणण्यास मनाई करावी. महिनाभर फोन अडकवून ठेवणे टाळावे. अनेक घरांत तो एकच फोन असतो. त्यावरच वडिलांना कामाचा निरोप येतो आणि त्यावरच धाकट्या बहिणीचा अभ्यास चालतो. शिक्षा एका मुलाला द्यावयाची, ती साऱ्या कुटुंबाला होऊ नये. एखादे मूल फोनपायी वारंवार नियम मोडत असेल, तर त्याला कोणी धमकावत तर नाही ना, हेही पाहावे. अशा वेळी बालकांसाठीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हे मदतक्रमांक उपयोगी पडतात.

घराची जबाबदारी

शाळेत सहा तास फोन बंद राहिला आणि घरी रात्री बारापर्यंत रील पाहत मूल जागले, तर सकाळचा पहिला तास झोपेतच जाणार. या बाबतीत सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने एक मार्ग दाखविला. २०२२ मध्ये गावाने ठरविले की, रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत टी.व्ही. व मोबाईल बंद राहतील. तेवढा वेळ मुलांनी अभ्यास करावा. यातील मर्म असे की, बंदी एकट्या मुलांवर नव्हती. मोठ्यांनीही आपला टी.व्ही. व फोन बंद ठेवावयाचा होता. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्हींमागील कळकळ एकच आहे. पण आपण फोन पाहत बसून मुलाला 'अभ्यास कर' म्हणण्यापेक्षा दीड तास सर्वांनीच फोन बाजूला ठेवणे अधिक परिणामकारक ठरते, असे वाटते.

आपल्या वस्तीत, चाळीत किंवा सोसायटीत असा दीड तास पाळणे अशक्य नाही. जागा लहान असेल तर समाजमंदिराचे किंवा वाचनालयाचे दार सायंकाळी उघडे ठेवावे. त्यासाठी देणगीची गरज नाही, दोन जबाबदार माणसांची गरज आहे.

विद्यार्थी मित्रांनो,

फोन वाईट नाही. घटनेचे कलम, शिष्यवृत्तीचा अर्ज, जुन्या प्रश्नपत्रिका, इंग्रजीचा उच्चार हे सर्व आज तुमच्या तळहातावर आहे. आधीच्या पिढीला यातील एकेका गोष्टीसाठी तालुक्याच्या गावी पायपीट करावी लागली. परंतु जे ॲप फुकट वाटते त्याची किंमत तुमच्या वेळेतून वसूल होत असते. तुम्ही जितका वेळ खिळून राहाल तितका त्याच्या मालकाचा नफा वाढतो. वर्गातील पंचेचाळीस मिनिटे ही शिक्षकांची नाहीत, शाळेची नाहीत, ती तुमची आहेत. घरी ज्यांच्या मागे शिकवणी आहे, पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांची गेलेली पंचेचाळीस मिनिटे कदाचित भरून निघतील. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, त्यांना हा तोटा परवडणारा नाही.

तेव्हा शाळेचा नियम अन्यायकारक वाटला तर तो चोरून मोडू नका. वर्गप्रतिनिधीमार्फत, पालकांमार्फत, समितीमार्फत तो बदलून घ्या. आणि तो न्याय्य असेल तर कोणी पाहत नसतानाही पाळा.